चाळीचा तळ

आज लोणंदच्या रानात कांदा चाळीच्या तळाचं लाकूडकाम सुरू झालं. गेल्या वर्षी कांदा थेट जमिनीवर पसरला होता. पहिल्या पावसातच खालचा थर सडला. तो वास अजून नाकात आहे.

यंदा तळ दीड-दोन फूट उंच. सिमेंटच्या ठोकळ्यांवर बाभळीचे खांब, बुडाला डांबर. वाळवी जमिनीतून चढते. वर तुळया, त्यावर वासे. सुतारदादांनी पाण्याची नळी धरून चारही कोपरे एका पातळीत आणले. एका खांबात अर्धा इंच फरक निघाला, तेव्हा तो खांब काढून पुन्हा बसवला. "भाऊ, वर टनावारी माल बसणार," एवढंच म्हणाले.

वाशांवर बांबूच्या पट्ट्या, बोटभर फट ठेवून. काढणीनंतरही कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, ऊब आणि ओल बाहेर टाकतो. खालून वारा खेळला नाही तर तो आतल्या आत घामेजतो. एप्रिलात भरलेला उन्हाळी कांदा पावसाळाभर टिकवायचा, तो या फटींच्याच जिवावर.

लोक छपराच्या पत्र्यावर खर्च करतात आणि तळ उरल्यासुरल्या लाकडात उरकतात. चाळ बांधणार असाल, तर आधी तळासाठी पैसे बाजूला काढा.