रिकामा रकाना

रात्रीचे साडेअकरा. चिऊ झोपलीय, हे बाहेरच्या खोलीत. आज पुन्हा तीच धुसफूस.

नऊ महिने पूर्ण झाले, गोवर-रुबेलाची लस बाकी आहे. हे म्हणतात, थांबू. दीड महिन्याची असताना पेंटाव्हॅलेंटनंतर ती रात्रभर तापली होती, मांडीवर सुपारीएवढी गाठ आली होती. ती रात्र ह्यांनी तिला खांद्यावर घेऊन काढली. त्यांची भीती खोटी नाही, मला कळतं. पण लसीने मूल स्वमग्न होतं म्हणे! ज्या १९९८च्या लेखाने हे खूळ पसरवलं, तो ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला. बारा वर्षांनी. तोवर भीती घरोघरी पोचली होती.

मला २०२२ची गोवंडी आठवते. गोवराने तिथली एवढी एवढीशी मुलं गेली. लसीचा ताप मी उशाशी बसून उतरवीन. पण ते दुखणं घरात आलं तर?

मी हे सगळं ओरडून सांगितलं, तिथेच चुकलं. उद्या सकाळी आधी त्या रात्रीबद्दल विचारेन, मग डॉक्टरांकडे दोघांनी जाऊ म्हणेन. कार्डावरच्या रिकाम्या रकान्यात नर्सताईंनी पेन्सिलने तारीख घातलीय. कार्ड ह्यांच्या डब्याशेजारी ठेवलंय.