बिडकीनच्या बाकावर

बकरी ईदनंतरच्या रविवारी आम्ही सहकुटुंब पैठणला निघालो. औरंगाबाद-पैठण रस्त्यावर साधारण निम्म्या वाटेत बिडकीन लागते. एका बाजूला ऑरिकच्या औद्योगिक वसाहतीचे रुंद नवे रस्ते, दुसऱ्या बाजूला पेरणीची वाट पाहणारी काळी रानं. तिथे चहाला थांबलो आणि घरून आणलेले कबाब-रोटी उघडली. गाडी भाड्याची होती. ड्रायव्हर शेजारच्या बाकावर चहा घेऊन बसले.

"पैठणचं नाव ग्रीक पुस्तकात आहे, खरं ना अब्बा?" मुलीने विचारले. खरेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे सागरी मार्गदर्शक लिहिले. त्यात 'पैठाना' येते, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. इथून अकीक-सुलेमानीसारखे खडे गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात आणि पुढे जहाजाने रोमन साम्राज्यात. तिकडच्या वस्तूही इकडे येत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती सापडली.

"मग त्या लोकांचे सण कसे असायचे?"

अथेन्सचा मोठा सण पॅनाथेनिया. ऐन उन्हाळ्यात मिरवणूक निघे, देवी अथेनाला विणलेले नवे वस्त्र अर्पण होई, गायी-बैलांचे बळी दिले जात. हाडे आणि चरबी वेदीवर जाळत. तो धूर देवांपर्यंत पोचतो, अशी त्यांची समजूत होती. मांस मात्र माणसांत वाटले जाई. आपल्याला कुरआनने वेगळे शिकवले आहे: कुर्बानीचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तकवा. पण मांस कुणाच्या घरी जाते, हा प्रश्न त्यांच्याकडेही होता.

रोममध्ये १७ डिसेंबरला सॅटर्नेलिया सुरू होई. न्यायालये बंद, एरवी मना असलेला जुगार खुला. लोक एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट देत. गुलामांना मालकांसारखी मेजवानी मिळे, काही घरांत तर मालकच त्यांना वाढत. स्वतंत्र झालेल्या गुलामाची टोपी त्या दिवसांत सगळेच घालत.

"आणि सण संपल्यावर?"

"सण संपला की गुलाम पुन्हा गुलाम."

मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त शेजारच्या बाकाकडे पाहिले. आम्हीही पाहिले आणि मान खाली गेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दस्तरखानावर कोण बसत होते ते आम्ही सांगत होतो, आणि आमच्याच दस्तरखानापासून एक माणूस चार हात लांब बसला होता.

"चाचा, इकडे या ना," तीच म्हणाली.

"नको बेटा, तुम्ही घ्या."

आग्रह केल्यावर ते आले. त्यांनीही आपला डबा उघडला. त्यात भाकरी आणि ठेचा होता. बोलता बोलता कळले, की ईदची नमाज पढून ते लगेच शिर्डीच्या भाड्यावर गेले होते. रात्री घरी पोचले तेव्हा मुले झोपली होती. यंदा त्यांच्या घरी कुर्बानी नव्हती. आमच्या फ्रीजमध्ये मात्र मांसाच्या पिशव्या रचून ठेवल्या होत्या.

कुर्बानीचे तीन हिस्से आम्ही दरवर्षी करतो. एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरजूंचा. तिसरा हिस्सा ठरलेल्या चार घरी पोचवला की फर्ज पार पडल्यासारखे वाटते. त्या चार घरांपलीकडे कुणी आहे का, हे आम्ही विचारलेच नव्हते.

पैठणला गोदावरीकाठ पाहिला, संध्याकाळी परतलो. येतानाही बिडकीनला थांबलो. या वेळी सगळे एकाच बाकावर बसलो. घरी पोचल्यावर फ्रीजमधल्या दोन पिशव्या त्यांच्या हाती दिल्या. मुलीने वाटपाच्या वहीत पाचवे नाव लिहिले आणि खाली आणखी थोडी जागा मोकळी ठेवली.