स्वस्त म्हातारपणाचे शहर : चियांग माई



नोकरी संपली, फंड-ग्रॅच्युइटी हातात आली की माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पुढच्या वीस वर्षांचा. पगाराची तारीख संपते, पण किराणा, औषधे आणि लाइटबिल यांच्या तारखा संपत नाहीत. अशा वेळी मुलगा नाहीतर जावई मोबाईलवर एखादी जाहिरात दाखवतो. थायलंडला जाऊन राहा, निम्म्या खर्चात सुखाने जगा, माणसे प्रेमळ, शिवाय बुद्धाचा देश. आमच्या वस्तीत पेन्शनीचे फॉर्म भरून देण्याचे काम मी संध्याकाळी करीत असतो. तेथे गेल्या दोन वर्षांत तिघांनी मला याविषयी विचारले. कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर तर हिशेबाचा कागदच घेऊन आले. "साहेब, माझे सगळे मिळून बावीस लाख आहेत. आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी तिकडे राहू शकतो का?" माणूस साधा होता, पण प्रश्न साधा नव्हता.

पुढे बौद्ध स्थळांच्या सहलीबरोबर थायलंड पाहण्याचा योग आला. सहल बँकॉकहून परतली. मी चार दिवस मागे राहिलो आणि रात्रीच्या रेल्वेगाडीने उत्तरेकडे चियांग माईला गेलो. परदेशी पेन्शनर मोठ्या संख्येने राहतात अशा थायलंडातल्या गावांपैकी हे एक. तेथे वहीत जे टिपले आणि नियम वाचून जे समजले, ते येथे देत आहे.

शहर कसे आहे

चियांग माई बँकॉकपासून सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. राजा मेंगराई याने १२९६ साली ते वसविले. जुने शहर चौकोनी आहे. भोवती पाण्याचा खंदक, प्रत्येक बाजू सुमारे दीड किलोमीटर, आणि पडक्या विटांची तटबंदी. विहाराला तेथे 'वत' म्हणतात. जुन्या शहरात दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक वत लागतो. सकाळी सहाच्या सुमारास अनवाणी भिक्खू पिंडपाताला निघतात. दुकानदारीण बाई चपला काढून, गुडघे टेकून भाताची पुडी पात्रात घालते, आणि लगेच उठून दुकानाचे शटर वर करते.

शहराच्या वायव्येला 'वत चेत योत' आहे. चेत योत म्हणजे सात शिखरे. बुद्धगयेच्या महाबोधी विहाराच्या धर्तीवर राजा तिलोकराज याने १४५५ साली त्याची उभारणी सुरू केली. थाई परंपरेप्रमाणे आठवी धम्मसंगीती १४७७ साली येथेच भरली. पश्चिमेला दोई सुथेपचा डोंगर आहे. त्यावरच्या विहारापर्यंत जाणारा रस्ता सीविचाई नावाच्या भिक्खूंच्या हाकेवरून लोकांनी श्रमदानाने केला. नोव्हेंबर १९३४ मध्ये पहिली कुदळ पडली आणि एप्रिल १९३५ मध्ये रस्ता खुला झाला. सुमारे अकरा किलोमीटर चढाचा रस्ता, तो सहा महिन्यांच्या आत तयार झाला.

नोव्हेंबर ते जानेवारी हवेत सुखद गारवा. जाहिरातीत एवढेच सांगतात. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत शेते आणि जंगले जाळल्याचा धूर दरीत कोंडून राहतो, हे सांगत नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये काही दिवस हे शहर जगातल्या सर्वांत दूषित हवेच्या शहरांत गणले गेले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पिंग नदीला पूर येऊन बाजारपेठेत पाणी शिरले. दम्याच्या माणसाने ही माहिती हिशेबात धरलीच पाहिजे.

महिन्याचा जमाखर्च

आमच्या भगिनींना भाव कळल्याशिवाय गाव कळत नाही. म्हणून आधी भाव. २०२५ साली एका बाथला अडीच ते पावणेतीन रुपयांच्या आसपास पडत होते. साध्या इमारतीत पंखा, न्हाणीघर आणि एक खोली असे घर ६-७ हजार बाथला मिळते. चौकातल्या गाडीवर भात आणि भाजी-मांस ५०-६० बाथ. लाल रंगाची टेम्पोसारखी गाडी, तिला 'सोंगथेव' म्हणतात, गावात कोठेही नेण्यास ३०-४० बाथ घेते. एका माणसाचा माझ्या वहीतला महिन्याचा हिशेब असा : भाडे ७,०००, लाइट-पाणी १,२००, जेवण ९,०००, जाणे-येणे १,५००, फोन व किरकोळ १,८००. एकूण २०,५०० बाथ, म्हणजे आपले पन्नास ते छप्पन हजार रुपये. औषधोपचार आणि विमा यात धरलेला नाही.

लंडन किंवा टोकियोच्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. आपल्या चाळीतल्या घराला ती दोन-तीन महिने पुरते.

सरकारी अटी

थायलंडचा निवृत्तांसाठीचा व्हिसा पन्नाशी ओलांडलेल्यास मिळतो. अट अशी की आठ लाख बाथ बँकेत दाखवावेत किंवा महिन्याचे उत्पन्न ६५,००० बाथ दाखवावे किंवा दोन्ही मिळून वर्षाची बेरीज आठ लाख भरावी. मुक्काम दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. थाई बँकेतल्या ठेवीवर मुक्काम वाढवायचा तर २०१९ च्या नियमाप्रमाणे ती रक्कम अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात पूर्ण असावी लागते. एरवीही ती चार लाखांच्या खाली जाता कामा नये. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. नोकरी करायची नाही. जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीत परदेशी लोकांची मालकी ४९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. 'ओ-ए' प्रकारच्या व्हिसासाठी २०१९ पासून आरोग्यविमा सक्तीचा आहे, आणि सत्तरीनंतर विम्याचा हप्ता झपाट्याने वाढतो.

आता आमच्या फिटरकाकांचा कागद घेऊ. त्यांचे बावीस लाख म्हणजे साधारण आठ लाख बाथ. म्हणजे अट पुरी झाली! पण थांबा. हा पैसा नुसता दाखविण्याचा. निम्मा तर वर्षभर हलवता येत नाही, आणि जो खर्च होईल तो पुढच्या वर्षी परत भरून दाखवायचा. मग खायचे कशातून? कारखान्यातल्या कामगाराची पेन्शन किती असते हे मी फॉर्म भरताना रोज पाहतो. किमान पेन्शन १,००० रुपये असावी असे २०१४ साली ठरले, यावरून वाचकांनी ओळखावे. तेच बावीस लाख आपल्या पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर २०२५ च्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ४५,१०० रुपये व्याज येते. थाई बँकेत बचत खात्यावरचे व्याज नावापुरतेच.

तेथे असेही एजंट आहेत जे म्हणतात, 'आम्ही तुमच्या खात्यात चार दिवस पैसे दाखवतो, कमिशन द्या.' हा सरळसरळ कायदेभंग आहे. पकडला गेल्यास म्हातारपणी परमुलखात कोणाच्या दारात उभे राहणार?

स्वस्त कोणाला?

ताफे दरवाजाजवळच्या बाकावर एक वृद्ध इंग्रज गृहस्थ भेटले. आयुष्यभर बस चालविली, बायको वारली, २००६ साली येथे आले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचे बोलणे झाले. ब्रिटनची सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्याला गोठलेली मिळते. मायदेशी दरवर्षी वाढ होते, येथे होत नाही. शिवाय २००६ च्या सुमारास एका पौंडाला सत्तरच्या आसपास बाथ मिळत, २०२५ साली ते चव्वेचाळीसच्या आसपास आले. म्हणजे पेन्शन तीच राहिली, तिचे बाथ तिसऱ्या हिश्शाने कमी झाले, आणि भाताची थाळी मात्र महागली. आजारी पडल्यास काय, असे मी विचारले. त्यांनी खंदकाच्या पाण्याकडे बोट केले आणि हसले. मला हसू आले नाही.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२५ पासून चियांग माई शहरात किमान रोजी ३८० बाथ ठरली. सव्वीस दिवस भरले तर ९,८८० बाथ. व्हिसासाठी परदेशी म्हाताऱ्याला महिन्याला दाखवावे लागणारे उत्पन्न ६५,००० बाथ, म्हणजे मजुराच्या कमाईच्या साडेसहा पट. गावातली खोली, गाडीवरचे जेवण, कपडे धुऊन देणारी बाई हे सारे स्वस्त आहे ते त्या ९,८८० बाथमुळे. ज्या गावात मजुरी कमी त्याच गावाला बाहेरचा माणूस स्वस्त म्हणतो. गिरणगावातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच शहराजवळ स्वित्झर्लंडच्या एका गृहस्थाने २००३ साली स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी घर सुरू केले. युरोपातली मुले आपल्या आई-बापांना तेथे आणून ठेवतात. एकेका वृद्धामागे तीन थाई बाया पाळीपाळीने असतात. त्या भरवतात, आंघोळ घालतात, हात धरून फिरवतात. सेवा मनापासून होते असे म्हणतात, आणि मी ते मानतो. पण पाळी संपवून घरी गेलेल्या त्या बाईच्या आईजवळ दिवसभर कोण बसले होते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या आया-बहिणीही दुसऱ्यांच्या घरी म्हाताऱ्यांची उठबस करतात, आणि स्वतःची सासू शेजारणीवर सोपवून जातात.

तेथले म्हातारे कसे जगतात

थायलंडमध्ये साठीपुढची माणसे आता पाचांत एकाहून अधिक झाली आहेत. तरुण बँकॉकला कामाला, नातवंडे गावी आजीजवळ, असे चित्र खेडोपाडी दिसते. सरकारी पेन्शन नसलेल्या वृद्धांना २०११ सालापासून वयाप्रमाणे महिना ६०० ते १,००० बाथ भत्ता ठरला. एवढ्यात पोट भरत नाही. पण दोन आधार मोठे आहेत.

पहिला आधार दवाखान्याचा. २००१-०२ मध्ये त्या सरकारने ३० बाथमध्ये उपचार ही योजना देशभर लागू केली. ती थाई नागरिकांसाठी आहे, परदेशी पेन्शनरांसाठी नाही. दुसरा आधार माणसांचा. देशात दहा लाखांहून अधिक ग्राम आरोग्य स्वयंसेवक आहेत, त्यांत बहुतेक बायका. एकेकीकडे आसपासची दहा-पंधरा घरे सोपविलेली असतात. ती घरी जाऊन रक्तदाब पाहते, औषध घेतले का विचारते, कोणी अंथरुणाला खिळले असेल तर आरोग्य केंद्राला कळवते. याबद्दल तिला थोडे मानधन मिळते.

आणि विहार. वर्षावासात उपोसथाच्या दिवशी उत्तरेकडचे वृद्ध उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे नेसून विहारात जातात, शील घेतात आणि रात्रीही तेथेच मुक्काम करतात. मी वत पाहायला गेलो तेव्हा मागच्या धर्मशाळेत चटया, उशा आणि पाण्याच्या बाटल्या रचून ठेवलेल्या होत्या. १३ एप्रिल हा दिवस तेथे ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळतात. नववर्षाच्या त्या सणात मुले-नातवंडे वृद्धांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात.

आपण काय घ्यावे

फिटरकाकांना मी परतल्यावर सांगितले, "काका, पाहायला जरूर जा. आठ दिवस जा, काकींना घेऊन जा, चेत योतला वंदन करा. पण फंड येथेच राहू द्या." त्यांना थोडे वाईट वाटले. काकी मात्र म्हणाल्या, "तिकडे माझ्याशी मराठीत बोलणार कोण होते?" विमा, व्हिसा, ठेव या सगळ्यांचे रकाने मी मांडले होते. हा एक रकाना माझ्या वहीत नव्हता.

बंधुभगिनींनो, चियांग माईहून आणण्यासारखे काही असेल तर ती दहा-पंधरा घरांची वाटणी. त्याला व्हिसा लागत नाही. आमच्या वस्तीत आम्ही साठीपुढच्या माणसांची यादी केली. एकशे अकरा नावे भरली. त्यांत एकोणीस जण घरात एकटे आहेत, आणि सात जणांची पेन्शन हयातीचा दाखला वेळेवर न दिल्याने थांबली होती. महिला मंडळाच्या नऊ भगिनींनी घरे वाटून घेतली. आठवड्यातून एक फेरी, औषधांची चौकशी, दाखल्याची तारीख वहीत. सातपैकी पाच जणांची पेन्शन पुन्हा सुरू झाली आहे. उरलेल्या दोघांचे कागद अजून कार्यालयात आहेत, पाठपुरावा चालू आहे.

आपापल्या विहारात पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास बसा, आणि अशी यादी करा. वही दोनशे पानी घ्यावी, शंभर पानी पुरत नाही.