पान, मान आणि भान

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या, तर २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा विद्यार्थ्याला लेखनिक न घेताही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देण्याची सोय केली. वर्षाची प्रवेश आणि परीक्षा ही दोन टोके अशी बांधली गेली खरी. पण त्यांच्या मधले शेकडो तास कर्णबधिर विद्यार्थी वर्गात बसून नेमके काय मिळवतो, याची नोंद महाविद्यालयाच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही.

कायद्याच्या व्याख्येनुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या ध्वनिपट्ट्यात ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणदोष असलेली व्यक्ती बधिर आणि ६० ते ७० डेसिबल असलेली व्यक्ती अल्पश्रवण गणली जाते, मात्र वर्गातली अडचण या आकड्यावरून कळत नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवते तेव्हा प्राध्यापकांच्या शब्दांबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकल्याचा आवाजही वाढवते, आणि बोलणारा एक-दोन मीटरपलीकडे गेला की त्याचा उपयोग झपाट्याने घटतो. प्राध्यापकांच्या गळ्यात लहानसा मायक्रोफोन अडकवून त्यांचा आवाज बिनतारी पद्धतीने थेट यंत्रात पोहोचवला, तर हे अंतर जवळजवळ मिटते.

ज्यांना यंत्राचा फारसा लाभ होत नाही त्यांनी ‘ओठ वाचावेत’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो देणाऱ्यांनी स्वतः आरशासमोर तो क्वचितच करून पाहिलेला असतो. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने उच्चारताना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे ‘पान’, ‘मान’ आणि ‘भान’ डोळ्यांना एकच शब्द वाटतात. क आणि ग तर घशाजवळ घडत असल्याने ‘काय’ आणि ‘गाय’ यांत दिसण्यासारखा फरकच उरत नाही. वाणिज्याच्या तासाला ‘भाग’ आणि ‘माग’ ही ओठांवरची जुळी भावंडे, आणि त्यांतला कोण बोलला गेला हे संदर्भावरून ओळखेपर्यंत प्राध्यापक पाठ फिरवून फळ्यावर पुढचे सूत्र लिहू लागलेले असतात.

भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी वर्गात असला तरी सगळे प्रश्न सुटत नाहीत. ऐकणारा विद्यार्थी मान खाली घालून वहीत लिहिता लिहिता ऐकत राहतो, तर कर्णबधिर विद्यार्थ्याने वहीकडे पाहिले की दुभाष्याच्या हातांतले वाक्य निसटते. म्हणून टिपणे काढून देणारा सहाध्यायी ही वेगळी गरज ठरते. अर्ध्या तासाच्या आसपास दुभाष्याची अचूकता थकव्याने घसरू लागत असल्याने लांब तासांना दोघांनी आळीपाळीने काम करावे असा संकेत आहे, पण आपल्याकडे एकाचीच वानवा असते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाची २०२१ मधील तिसरी आवृत्ती १०,००० शब्दांपर्यंत पोहोचली असली, तरी पदवीच्या पारिभाषिक संज्ञांसाठी बोटांनी अक्षरे जुळवण्याचा संथ मार्ग अनेकदा पत्करावा लागतो.

सर्वांत खोल पेच लेखी भाषेचा आहे, आणि त्याची मुळे शाळेत आहेत. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात, त्यामुळे कोणतीही भाषा पुरेशी कानी वा डोळ्यांपुढे न येता त्यांची पहिली वर्षे निघून जातात. पुढे दहावीला काही भाषाविषयांतून मिळणारी सवलत गुणपत्रिका सावरते आणि पदवीला इंग्रजी पुस्तके समोर आली की तीच उणीव उघडी पडते. सांकेतिक भाषेत कोण कोणाला देतो हे बहुधा क्रियेच्या खुणेच्या दिशेवरून कळते, तिथे ‘ने’ किंवा ‘ला’ यांचे काम पडत नाही. म्हणून उत्तरपत्रिकेत ‘बँक शेतकरी कर्ज देते’ असे वाक्य उतरते आणि अर्थशास्त्र नीट समजलेल्या विद्यार्थ्याचे गुण प्रत्ययांपायी कापले जातात.

अमेरिकेत रॉचेस्टर येथे १९६८ पासून कर्णबधिर विद्यार्थी ऐकणाऱ्यांबरोबर तांत्रिक शिक्षण घेतात, आणि दुभाषी व टिपणकार ही तिथे संस्थेची जबाबदारी असते. तिरुवनंतपुरमच्या ‘निश’ संस्थेत तर खास कर्णबधिरांसाठीचे पदवी अभ्यासक्रम चालतात. मराठी महाविद्यालयांत मात्र ही सारी जुळवाजुळव विद्यार्थ्याच्या मित्रांवर सोडलेली असते. तोंडी परीक्षेचे प्रश्न कागदावर लिहून पुढे सरकवायला तर दुभाषीही लागत नाही, आणि तरीही परीक्षक बहुधा तोच प्रश्न आणखी मोठ्या आवाजात विचारतात.