खोडलेले शब्द

कथा असो वा लेख, पहिला खर्डा मी हातानेच लिहिते. फुलस्केप कागद, डावीकडे रुंद समास, एकाआड एक ओळ. टायपिंग येत नाही असं नाही. इनस्क्रिप्टवर बोटं चांगली बसलेली आहेत. मला कागद हवा असतो तो खाडाखोडीसाठी.

कागदावर शब्द खोडला तरी जात नाही. ‘उदास’ लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली, काकपद देऊन वर ‘खिन्न’ घातलं, तेही काट मारून समासात ‘गप्प’. तिन्ही शब्द डोळ्यांसमोर राहतात. चार पानं पुढे गेल्यावर कथेतली बाई खरी कशी आहे ते उमगतं, मागे येऊन पाहावं तर ‘उदास’च बरोबर होता. पडद्यावर तो केव्हाच पुसला गेला असता, आणि तिथे काही होतं याची खूणही उरली नसती. जुन्या पोथ्यांत लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत. तो पिवळा डाग आजही सांगतो की इथे कुणाचा तरी हात थबकला होता.

रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांत तर ही खाडाखोड भलतीकडेच गेली. ‘पूरबी’तल्या कवितांच्या वहीत खोडलेल्या ओळी ते एकमेकींना जोडत गेले आणि त्यांतून चोची, पंख, अनोळखी चेहरे निघाले. १९२४ मध्ये ब्युनोस आयरेसजवळ मुक्काम असताना अर्जेंटिनी लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ती वही पाहिली आणि त्या थक्क झाल्या. पुढे १९३० मध्ये पॅरिसला रवींद्रनाथांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेही ओकाम्पो यांच्याच पुढाकाराने. सत्तरीला टेकलेला कवी चित्रकार म्हणून जगापुढे आला, त्याचं एक मूळ नको असलेल्या शब्दांत होतं! बॅकस्पेसची कळ हाताशी असती तर त्या ओळी उरल्याच नसत्या, हा विचार मला अस्वस्थ करतो.

देवनागरीचं म्हणून आणखी एक. हाताने लिहिताना मी शब्द पुरा करते आणि मग शिरोरेघ ओढते. तेवढ्या वेळात पुढचा शब्द मनात तयार होतो. टाइप करताना रेघ अक्षरासोबतच येते, आणि लक्ष जातं ते कळांकडे. ‘उद्ध्वस्त’ लिहायचं तर तीनदा पाय मोडायचा. घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाचं दुःख तोवर बाजूला राहतं.

पण दुसरा खर्डा मात्र संगणकावरच, आणि तो मी कधीही दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेत नाही. कागदावर झोकात वाटलेलं वाक्य कळ-कळ करून पुन्हा उतरवायचं म्हटलं की त्याचा खरेपणा लगेच समजतो. काही वाक्यांशी बोटं अडतात, कंटाळतात. असं वाक्य मी टाइप करत नाही, गाळून पुढे जाते. कागदावर ते असतंच.