लंडनच्या टेकडीवरचा सुवर्णदुर्ग

आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या अंगावर ओक आणि हॉर्नबीमचं फार जुनं रान टिकून राहिलं आहे. पायवाटेचा चढ संपत येतो तसा झाडांच्या शेंड्यांवर एक बुरूज डोकं काढतो. पिवळट तपकिरी विटांचा, तीनकोनी, तिन्ही कोपऱ्यांना सहा बाजूंचे मनोरे, खिडक्यांना टोकदार कमानी. उंची ६३ फूट. दारावर एक शिळा आहे आणि तिच्यावर ‘सेव्हर्नड्रूग’ हे नाव आहे. दापोली तालुक्यात, हर्णै बंदरासमोरच्या समुद्रात उभ्या असलेल्या आपल्या सुवर्णदुर्गाचं हे नाव.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या धनवंतांना आपल्या जमिनीवर अशा वास्तू उभारण्याची हौस होती. राहायला नाही, लढायला नाही, पूजेलाही नाही, केवळ नजरेसाठी. कुणी मुद्दाम पडके मठ बांधले, कुणी कधीच न लढलेले किल्ले. अशा बांधकामाला तिकडे ‘फॉली’ म्हणतात आणि सेव्हर्नड्रूगची गणना त्यांतच होते. या किल्ल्याला खंदक नाही, तट नाही, शिबंदी मावेल एवढी जागाही नाही. तरीही त्याला निरर्थक म्हणायला माझी जीभ वळत नाही. तो एका बाईने आपल्या गेलेल्या नवऱ्यासाठी बांधला आहे.

तिचं नाव अ‍ॅन जेम्स. नवरा सर विल्यम जेम्स. वेल्समधल्या पेंब्रोकशरचा हा माणूस १७४७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात आला, १७५१ मध्ये मुंबईच्या आरमाराचा कमोडोर झाला आणि १७५९ साली संपत्ती व कीर्ती घेऊन मायदेशी परतला. पुढे पार्लमेंटचा सभासद, बॅरोनेट, कंपनीचा अध्यक्ष अशी चढती कमान. टेकडीच्या पायथ्याशी एल्थमला त्याचा जमीनजुमला होता. १७८३ च्या डिसेंबरात तो वारला आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅनने कंपनीचा वास्तुविशारद रिचर्ड जप याच्याकडून हा बुरूज उठवला.

या अ‍ॅनबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक असल्यामुळे मी तिला परकी मानू शकत नाही. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न तिचा स्नेही होता. मुंबईतल्या कंपनी अधिकाऱ्याची पत्नी एलायझा ड्रेपर त्याला जेम्स दांपत्याच्या लंडनमधल्या घरीच भेटली आणि तो तिच्यात पुरता गुंतला. १७६८ मध्ये मरणाच्या दारात असताना त्याने शेवटचं पत्र लिहिलं ते अ‍ॅनला. आपल्या मुलीला सांभाळ, अशी त्यात विनवणी होती. मरणाऱ्या माणसाने लेक जिच्या पदरात घालावी, अशी ही बाई. दारावरची शिळा वाचताना हे मनातून जात नाही.

शिळेवर तिने काय लिहवून घेतलं? पूर्वेकडच्या समुद्रात कंपनीच्या आरमाराचं नेतृत्व करताना या शूर अधिकाऱ्याने केलेल्या पराक्रमांची आठवण म्हणून ही वास्तू उभारली आहे, आणि विशेष नोंद आहे ती मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूग किल्ला २ एप्रिल १७५५ रोजी जिंकल्याची. कोकणचा किनारा त्या काळच्या इंग्रजांच्या लेखी मलबारातच मोडत असे. बाकी सारं श्रेय एका माणसाच्या शौर्याला आणि हुशारीला दिलं आहे.

त्या दिवसाची दुसरी हकिकत इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ओर्मनेच लिहून ठेवली आहे. किल्ला तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यात होता, कान्होजींच्या मुलाच्या. ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचं जहाज आणि त्याच्या जोडीची गलबतं घेऊन जेम्स तटाजवळ गेला. तोफगोळ्यांनी आतल्या घरांच्या छपरांनी पेट घेतला, आग पसरत दारूकोठारापर्यंत पोचली आणि कोठार उडालं. मग बायका, पुरुष, पोरं अशी हजारएक माणसं बाहेर धावली. सात-आठ मोठ्या होड्यांत बसून समोरच्या किनाऱ्यावरचा गोवा किल्ला गाठायला निघाली. इंग्रजांच्या गलबतांनी त्यांना वाटेतच अडवून पकडलं.

हर्णैच्या बंदरात उभं राहिलं की ते पाणी डोळ्यांसमोर असतं. इतकं थोडं पाणी! संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होतो, कोळणींचे आवाज चढतात, होड्या किनाऱ्याला लागत असतात आणि मागे सुवर्णदुर्ग काळपट होत जातो. होडीने किल्ल्यावर गेलं तर उंबरठ्याच्या पायरीवर कोरलेलं कासव दिसतं, भिंतीतला मारुती दिसतो, आत पडझड आणि झाडोरा. त्या कासवावरून धावत गेलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. अ‍ॅनचं दुःख खरं होतं, यात मला शंका नाही. पण ज्या दिवसाच्या आठवणीने तिने विटा चढवल्या, त्या दिवशी कुणाकुणाच्या पदरातली पोरं होडीत रडत होती, हे तिला कुणी सांगितलं असेल का?

शिळेने आणखी एक नाव गाळलं आहे, आणि त्याची बोच मला जास्त आहे, कारण ते आपलं आहे. जेम्स हर्णैला आपणहून आला नव्हता. पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला होता. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, पेशव्यांकडे त्यांच्या तोडीचं आरमार नव्हतं, म्हणून कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी बोलणी जमवली. मोहिमेत पेशव्यांची गलबतं जेम्सच्या सोबत होती, आणि ठरल्याप्रमाणे किल्ला पुढे पेशव्यांना मिळालाही. मराठ्यांचा किल्ला मराठ्यांसाठी इंग्रजांनी घेतला, असं ते घडलं. इंग्रजी शिळेवर भागीदार नको होता, हे समजू शकते. पण आपल्याकडे आंग्र्यांच्या शौर्याच्या गोष्टी रंगवून सांगताना १७५५ जवळ आलं की आवाज का खाली जातो? नानासाहेब पेशव्यांना त्या वेळी एक बंडखोर सरदार दिसला, किनाऱ्याची तटबंदी दिसली नाही. ही चूक मोठी होती, आणि तिचा परिणाम पुढे दिसला. १८०२ साली यशवंतराव होळकरांपुढून पळालेले दुसरे बाजीराव याच सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आले आणि तिथून इंग्रजांच्या जहाजातून वसईला गेले. वर्षअखेरीस त्यांनी तिथे तहावर सही केली. त्या तहाने पेशवाईचं स्वातंत्र्य संपलं.

लंडनच्या बुरुजात आत गोल जिना आहे. वर सपाट गच्ची. टेकडीची उंची पायाखाली असल्यामुळे नजर अफाट फिरते: थेम्सची वळणं, शहराचे काचेचे मनोरे, दक्षिणेला केंटच्या टेकड्या. समुद्र मात्र दिसत नाही. नुसतं पाहण्यासाठी बांधलेल्या या गच्चीचा खरा उपयोग पहिल्यांदा ओळखला तो जनरल विल्यम रॉय यांनी. बुरूज नवा होता त्याच सुमारास ग्रीनिच आणि पॅरिस या दोन वेधशाळांमधलं अंतर त्रिकोणांच्या मापनाने काढायचं काम चाललं होतं. त्यासाठी जेसी रॅम्स्डेनने घडवलेला प्रचंड थिओडोलाइट इथे वर चढवला गेला. १८४८ मध्ये लंडनचा नकाशा करणाऱ्यांनीही हीच गच्ची वापरली. मला ही गोष्ट फार आवडते. कुणाला हरवल्याची खूण म्हणून उभी राहिलेली वास्तू पृथ्वी मोजायला कामी आली.

१९२२ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने बुरूज विकत घेतला. १९८८ साली तो बंद करून खिडक्यांना फळ्या ठोकण्यात आल्या. परिसरातल्या लोकांनी न्यास स्थापून, पैसे जमवून तो २०१४ मध्ये पुन्हा उघडला. आजही ती मंडळी बिनपगारी येतात, दार उघडतात, पाहुण्यांना माहिती देतात. अशा कामाची किंमत, आपल्या गडांवरचा झाडोरा रविवारी जाऊन तोडणाऱ्या पोरांना पाहिलेल्या माणसाला चटकन कळते.

बुरूज सांभाळणाऱ्या मंडळींपैकी एका वयस्कर बाईंनी मला खाली उतरल्यावर विचारलं, “तुम्ही त्या बाजूच्या का? मूळ किल्ला पाहिलाय?” मी हो म्हटलं. “केवढा आहे हो? याच्याहून मोठा?” मी त्यांना बेट सांगितलं, भरतीच्या लाटा तटावर आपटतात ते सांगितलं, कासव सांगितलं. त्यांना होड्यांची हकिकत माहीत नव्हती, ती सांगितली. पेशव्यांचा करारही सांगितला, काही न लपवता. त्या गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आणि तो किल्लेदार राजा? त्याचं काय झालं?”

राजा नव्हे, सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, म्हटलं. आणि तुळाजींचं सांगायला लागले: पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली त्यांचं सगळं आरमार कसं जळालं, ते स्वतः पेशव्यांच्या हाती कसे गेले आणि उरलेला जन्म समुद्रापासून दूर कैदेत कसा काढला. बाईंनी टेबलावरची वही पुढे ओढली आणि तुळाजींचं नाव कसं लिहायचं ते विचारलं.