लॅकरखालचा गंज



आमच्या चर्चच्या पडवीत एक जुनी लोखंडी सायकल आहे. आमच्या आधीचे धर्मशिक्षक तिच्यावरून बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत शिकवायला जात. गेल्या वर्षी मे महिन्यात युवकगटातल्या एका मुलाने ती मागून घेतली. पोपडे सुटलेला रंग त्याने पॉलिश पेपरने घासून काढला आणि नवा रंग न देता नुसते पारदर्शक लॅकर मारले. "सर, खरं लोखंड दिसू दे की," तो म्हणाला. सायकल चांदीसारखी चमकू लागली. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे आम्ही तिघेही खूश झालो.

मग पाऊस लागला. बेळगावचा पाऊस एकदा बसला की कपडेसुद्धा वाळत नाहीत. जुलैत लॅकरच्या आत तांबूस रेषा दिसू लागल्या, केसासारख्या बारीक आणि वाकड्यातिकड्या. एका रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या मुलाला सगळ्यांसमोर बोललो, "चांगली सायकल वाया घालवलीस." तो गप्प राहिला. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली, हसलो, चहा पाजला. आमच्या मते विषय मिटला होता. हळूहळू तो गायनमंडळात यायचा बंद झाला.

सायकल आम्ही मिस्त्रींकडे नेली. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की गंज धरतो. घामातले मीठ त्याला आणखी जोर देते. ॲल्युमिनियमवरही हवेने थर धरतो, पण तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, ताजे लोखंड उघडे पडते, म्हणून तो आपोआप थांबत नाही. लॅकरला कुठे चरा पडला की ओल आत शिरते आणि गंज लॅकरखालून पुढे सरकत राहतो. मिस्त्रींनी सीटचा दांडा उपसून सायकल उलटी केली, तेव्हा नळीतून तपकिरी पाणी आले. बाहेरून एवढी घासलेली सायकल, पण तिच्या नळीत कोणी डोकावलेच नव्हते.

"वरून लॅकरचा आणखी एक हात मारायचा का?" आम्ही विचारले.

"आधी आहे तो गंज काढा," ते म्हणाले. "नाहीतर त्यालाच पांघरूण घालाल."

मत्तय 6:19 मध्ये प्रभू कसर आणि जंग यांविषयी आपल्याला सावध करतो. तिथे 'जंग' या अर्थी आलेला मूळ ग्रीक शब्द 'ब्रोसिस' आहे. त्याचा साधा अर्थ 'खाणे'. आपणही म्हणतोच, लोखंड गंजाने खाल्ले. ते वचन आम्ही वर्गात नेहमी पैशाअडक्याविषयी शिकवले. त्या दिवशी कळले की एका मुलाची देवाच्या घराविषयीची ओढ हीदेखील आमच्या हाती दिलेली ठेव होती, आणि तिला काहीतरी खात होते.

आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोरच सांगितले, "सगळ्यांसमोर बोललो ते आमचं चुकलं. रंग काढायला हो आम्हीच म्हटलं होतं." तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "सर, बोललात त्यापेक्षा नंतर हसलात ते जास्त लागलं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी मिस्सानंतर हीच चूक आम्ही सगळ्यांसमोर कबूल केली.

गायनमंडळात तो अजून आलेला नाही. शनिवारी मात्र येतो. आम्ही मिळून सगळे लॅकर काढले, गंज घासला, नळ्या वाळवून आत तेल फिरवले. आता पावसातून आल्यावर ती आधी कोरड्या फडक्याने पुसतो, मग तेलाचा हलका हात देतो. उघड्या लोखंडाला एकदाच चमकवून चालत नाही; त्याच्याकडे रोज बघावे लागते.

आपल्या घरात, मंडळीत असे कोणते दुखणे आपण हसून झाकले आहे? या आठवड्यात त्या माणसाच्या दाराशी जाऊ या.

प्रभू येशू, आमच्यावर नुसती चमक चढवू नकोस. आधी आम्हांला आतून स्वच्छ कर, आणि ज्यांना आम्ही दुखावले त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य दे. आमेन.